बस नको, फेरी मागा: रेल्वे स्थानक ते औद्योगिक वसाहत जोडफेरीचा प्रस्ताव कसा करावा

गोव्यात करमळीला सकाळची लोकल थांबते. चाळीस-पन्नास माणसे उतरतात आणि फाटकाबाहेर पांगतात. कोणी पायलटच्या, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवाल्याच्या, मागे बसतो, कोणी सहकाऱ्याच्या स्कूटरवर, कोणी पायी महामार्गापर्यंत जाऊन फोंड्याची बस पकडतो. थिवी, वेर्णे, सावर्डे, काणकोण, कुठेही हेच दिसते. गाडी गावापर्यंत आली, पण कारखान्यापर्यंतचे शेवटचे दहा-बारा किलोमीटर ज्याचे त्याने बघायचे.

मग कोणीतरी निवेदन लिहितो. दोनशे सह्या गोळा होतात. ‘कामगारांचे हाल होत आहेत, तरी नियमित बससेवा सुरू करावी ही विनंती’ एवढा मजकूर. निवेदन आवकमध्ये पडते आणि तिथेच राहते. याला नेहमी अनास्थाच कारण असते असे नाही. वाहतूक नियोजन करणाऱ्याला त्या कागदातून काहीच करता येत नाही. किती वाजता? कुठून कुठे? किती माणसे, रोज की अधूनमधून? परतताना कोण बसणार? दिवसभर बस कुठे उभी राहणार? महामंडळ ‘बस’ देत नाही, ‘फेरी’ देते. फेरीला सुटण्याची वेळ, किलोमीटर, थांबे, भारमान (बस किती भरते) आणि पुढची फेरी असते. या पाच गोष्टी तुमच्या कागदावर आल्या की त्याचा प्रस्ताव होतो.

खाली नमुन्याला करमळी स्थानक ते कुंडई औद्योगिक वसाहत, मध्ये खोर्लीची वसाहत, हा मार्ग घेतला आहे. आकडे हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. तुमच्या मार्गाचे तुम्ही मोजायचे.

आधी ठरवा: कोणाच्या दारात जायचे

दारे तीन आहेत.

पहिले कदंब परिवहन महामंडळाचे, म्हणजे गोव्याच्या सरकारी बससेवेचे. टप्प्याटप्प्याने तिकीट, कोणीही चढावे, मासिक पास चालतो. कामगारांसाठी हेच सर्वांत टिकाऊ, पण इथे फेरीचे उत्पन्न दाखवावे लागते.

दुसरे खासगी बसमालकाचे. त्याच्याकडे टप्पा वाहतुकीचा परवाना असतो आणि त्या परवान्यावर मार्ग व वेळा लिहिलेल्या असतात. त्याने मनात आणले म्हणून बस स्थानकाच्या आवारात वळवता येत नाही. परवान्यात तसा बदल परिवहन प्राधिकरणाकडून करून घ्यावा लागतो. कदंबच्या ‘म्हजी बस’ योजनेत आलेल्या खासगी बसेस असतील तर बोलणे मालकाशी आणि महामंडळाशी असे दोन्हीकडे करावे लागते.

तिसरे कारखान्याचे स्वतःचे. कंपनीने स्वतःच्या मालकीची बस आपल्या कामगारांसाठी भाडे न घेता चालवली तर ती मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे खासगी सेवा वाहन ठरते. तिचा परवाना कलम ७६ खाली मिळतो. कंत्राटदाराची बस भाड्याने घेतली तर ते कंत्राटी वाहन, कलम ७४. टप्पा वाहतुकीचा परवाना कलम ७२ खाली येतो. हे आकडे पाठ करायची गरज नाही, पण फरक मात्र नीट समजून घ्या, कारण सर्वांत महाग चूक इथेच होते. चार कारखान्यांचे लोक मिळून एक मिनीबस ठरवतात, चालक रोज प्रत्येकाकडून वीस-वीस रुपये घेतो आणि वाटेत हात दाखवणाऱ्यालाही घेतो. कंत्राटी परवान्यावर हे चालत नाही. कंत्राटात नसलेला प्रवासी वाटेत चढवता येत नाही. रोज पकडले जाईलच असे नाही, पण अपघात झाला की विमा कंपनी पहिल्यांदा परवाना बघते.

कोणते दार आधी? ज्या रस्त्याने आजच कदंबच्या गाड्या जातात तिथे कदंब. पणजी–फोंडा हा तसा रस्ता आहे, कुंडई त्यावरच आहे. रस्ता आडवाटेचा असेल, किंवा रात्री अकराची पाळी सुटल्यावरची फेरी हवी असेल, तर सरळ कारखान्यांकडे जा. रात्री अकराला रिकाम्या रस्त्यावर सार्वजनिक फेरी मागून सहा महिने घालवू नका.

माणसे मोजणे

सह्या आणि प्रवासी यांचा संबंध फार थोडा. बस हवी का, असे विचारले तर नाही कोण म्हणेल? म्हणून दोन ठिकाणी मोजा: स्थानकाच्या दारात आणि कारखान्याच्या फाटकात.

स्थानकावर दोन माणसे पुरतात. एक जण उतरणारे मोजतो, दुसरा कोण कशाने गेले ते टिपतो: पायी, पायलट, टॅक्सी, घ्यायला आलेली गाडी, आवारात ठेवलेली स्वतःची दुचाकी. मंगळवार आणि बुधवार असे दोन दिवस, शिवाय एक शनिवार. सोमवार टाळा, घरून सुट्टी संपवून येणारे लोक आकडा फुगवतात. चवथीच्या आधीचा आणि नंतरचा आठवडा टाळा, कार्निव्हल व शिगम्याचे दिवस टाळा. जुन्या गोव्याचा परिसर असेल तर सेंट फ्रान्सिस झेवियरच्या २४ नोव्हेंबरपासूनच्या नोव्हेना (फेस्ताआधीच्या प्रार्थना) आणि ३ डिसेंबरचे फेस्त टाळा.

फाटकावर छापील चिठ्ठी द्या, आठ प्रश्नांहून मोठी नको:

१. कोणत्या स्थानकावरून चढता? कोणती गाडी?
२. रेल्वेचा मासिक पास आहे का?
३. पाळी कोणती? कायम की फिरती?
४. स्थानकावरून इथे आज कसे येता?
५. त्याला रोज किती पैसे लागतात?
६. घरी दुचाकी आहे का?
७. सुटल्यावर कोणती गाडी पकडता?
८. महिन्यातून किती दिवस जास्तीचे काम करून थांबता?

‘बस सुरू झाली तर वापराल का?’ हा प्रश्न मुद्दामच नाही. उत्तर वरच्या आठांतून निघते.

आता कपात. समजा साठ जणांनी चिठ्ठी भरली. त्यात रेल्वे पासवाले २०, दोन बस किंवा पायलट करून येणारे २४, स्वतःच्या दुचाकीवाले १६. पासवाल्यांतून रजा-गैरहजेरी काढून १६ धरा. दुसऱ्या गटातून निम्मे, १२. दुचाकीवाल्यांतून चौथा हिस्सा, ४. एकूण ३२. साठ चिठ्ठ्यांचे बत्तीस प्रवासी हा आकडा बघून मन खट्टू होते, पण अधिकाऱ्याच्या टेबलावर हाच टिकतो. दुचाकीवाले पावसाळ्यात येतील, हे खरे. पण मग ऑक्टोबरात जातील हेही खरे, म्हणून त्यांच्या भरवशावर फेरी उभी करू नका.

फिरत्या पाळ्यांचा हिशेब बहुतेक जण विसरतात. तीन पाळ्यांत फिरणारा कामगार सकाळच्या फेरीला तीन आठवड्यांतून एकच आठवडा असतो. अशा तीन जणांचा एक प्रवासी धरा. वरचे सगळे आकडे कायम सामान्य पाळीवाल्यांचे आहेत.

मिनिटांचा हिशेब

प्रस्ताव टिकतो की पडतो ते इथे ठरते. हिशेब गाडीच्या वेळेपासून पुढे करायचा मोह होतो. तो उलटा, फाटकापासून मागे करा.

सामान्य पाळी ८.३० ची. पंचिंग ८.२५ ला व्हायला हवे. थांब्यापासून फाटक आणि पंचिंगची रांग मिळून पाच मिनिटे, म्हणजे बस ८.२० ला थांब्यावर. अकरा किलोमीटरला धावण्याची २६ मिनिटे आणि सहा थांब्यांची चार, मिळून ३०. म्हणजे बस करमळीहून ७.५० ला सुटली पाहिजे.

आता गाडी ७.४५ ला येते असे धरू. डब्यातून उतरून आवाराबाहेर यायला चार मिनिटे. बसला दार एकच, कंडक्टर चढतानाच तिकीट फाडणार असेल तर माणशी सहा सेकंद, चाळीस जणांना चार मिनिटे. म्हणजे बस लवकरात लवकर ७.५३ ला हलेल. गाडी अगदी वेळेवर आली तरी तीन मिनिटे कमी पडली! नकाशावर सोपा दिसणारा मार्ग इथे अडतो. हे फेरी सुरू झाल्यावर कळले तर पहिल्याच आठवड्यात सगळ्यांचे लेट मार्क लागतात आणि दुसऱ्या आठवड्यात बस रिकामी धावते.

उपाय काय? तीन वेळापत्रके गुंतलेली आहेत. रेल्वेचे हलवणे तुमच्या हातात नाही, त्यावर शब्द खर्च करू नका. बसचे हलवून उपयोग नाही, कारण ती गाडीच्या आधी सुटू शकत नाही. उरली पाळी. कारखान्याने सामान्य पाळी ८.४५ ची केली, किंवा निदान स्थानकाच्या बसने येणाऱ्यांना पंधरा मिनिटांची सवलत दिली, की बसला ८.०५ पर्यंत थांबता येते. बारा मिनिटांचा श्वास मिळतो. म्हणून महामंडळाकडे जाण्याआधी मनुष्यबळ अधिकाऱ्याकडे जा. त्याचे पत्र हातात असले की प्रस्तावाचे वजन एकदम वाढते.

बारा मिनिटे पुरतात का, हे अंदाजाने ठरवू नका. वीस कामाचे दिवस गाडी प्रत्यक्ष किती वाजता आली ते टिपा. राष्ट्रीय गाडी चौकशी प्रणालीवर स्थानकावार आगमनाची वेळ दिसते. सरासरी काढू नका, ती फसवते. अठरा दिवस वेळेवर आणि दोन दिवस तासभर उशीर, याची सरासरी सहा मिनिटे निघते आणि त्यातून काहीच कळत नाही. बस ८.०५ ला हलायची तर गाडी ७.५७ पर्यंत यायला हवी. वीसपैकी किती दिवस तशी आली, एवढाच प्रश्न. सतरा किंवा जास्त असतील तर पुढे जा. चौदा-पंधरा असतील तर पाळीची सवलत वाढवून घ्या किंवा आधीच्या गाडीला फेरी जोडा. त्याहून कमी असतील तर ही गाडी सोडा.

उशीर का होतो तेही समजून घ्या. कोकण रेल्वेचा मार्ग या पट्ट्यात एकेरी आहे. समोरून एक्स्प्रेस येत असली की लोकल आधीच्या स्थानकावर क्रॉसिंगला उभी राहते, आणि क्रॉसिंगमध्ये लोकलचा नंबर शेवटचा. म्हणजे तुमच्या गाडीचा उशीर पुष्कळदा दुसऱ्याच गाडीच्या उशिरामुळे असतो, आणि तो ठरावीक वारी जास्त असू शकतो, कारण काही लांब पल्ल्याच्या गाड्या ठरावीक वारीच धावतात. नोंदवहीत वार लिहायला म्हणूनच विसरू नका.

पावसाळी वेळापत्रक

कोकण रेल्वेवर पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी ठेवतात, त्यासाठी वेगळे वेळापत्रक असते. अनेक वर्षे ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असे. २०२५ मध्ये १५ जून ते २० ऑक्टोबर ठेवले होते. वर्षातून दोनदा गाडीच्या वेळा सरकतात, आणि बस मात्र जुन्याच वेळेवर धावते. चांगल्या चाललेल्या जोडफेऱ्या अशा दोन आठवड्यांत मरतात. प्रस्तावात दोन वेळापत्रके द्या, एक पावसाळी, एक बिगरपावसाळी, आणि लिहा: ‘रेल्वेच्या बदलाच्या दिवसापासून बसची वेळ बदलावी.’ रेल्वे नवे वेळापत्रक जाहीर करील त्या दिवशी आगारात पत्र नेणारा माणूसही आजच ठरवा.

गाड्या पूर्णच बंद पडण्याचे दिवसही येतात. जुलै २०२४ मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी आणि चिखल येऊन वाहतूक थांबली होती. अशा दिवशी बसने थांबून राहायचे नाही, ठरल्या वेळी निघायचे. वाटेवर उभे असलेले प्रवासी असतातच.

संध्याकाळ वेगळी असते

सकाळी बस गाडीसाठी थांबते. संध्याकाळी गाडी बससाठी थांबत नाही. एवढ्या एका फरकामुळे परतीच्या फेरीचा हिशेब निराळा होतो. सकाळी चुकले तर पंधरा मिनिटांचा लेट मार्क. संध्याकाळी लोकल चुकली तर पुढच्या गाडीपर्यंत दीड-दोन तास, आणि घरी पोचायला रात्र. दोनदा असे झाले की माणूस कर्ज काढून स्कूटर घेतो.

पाळी ५.१५ ला सुटते असे धरा. कपडे बदलणे, पंचिंग, फाटक तपासणी धरून बस ५.२७ ला सोडा; बारा मिनिटांहून कमी ठेवले तर दहा-बारा जण मागे राहतात. धावण्याची वेळ सकाळच्या तिसाला आणखी आठ जोडून ३८ धरा, कारण भोमचा अरुंद भाग संध्याकाळी तुंबतो आणि गुरुवारी बाणस्तारीचा बाजार असतो. ६.०५ ला स्थानक, ६.१० ला फलाट. त्यापुढे पंधरा मिनिटांची उसंत ठेवून जी गाडी असेल तीच ‘जोड गाडी’ म्हणून प्रस्तावात लिहा. ६.१५ ची गाडी आहे म्हणून हिशेब ओढूनताणून बसवू नका. जास्तीचे काम करून थांबणाऱ्यांसाठी दुसरी फेरी लगेच मागू नका. पण त्यांना कोणती सार्वजनिक बस महामार्गावर मिळेल ते फलकावर लिहून ठेवा.

रस्ता बसने मोजा

मोटारसायकलवरून मोजलेली वेळ टाकाऊ. त्याच तासाला, त्याच रस्त्याने, मोठ्या बसमागे गाडी चालवून तीन दिवस वेळ घ्या. आणि हे बघा:

स्थानकाच्या आवारात बस वळते का? बारा मीटर लांबीच्या बसला वळायला बाहेरच्या बाजूने सुमारे बारा मीटर त्रिज्या लागते. आवारात दुचाक्या आडव्या लावलेल्या असतील तर ती मिळत नाही आणि चालक दुसऱ्या दिवसापासून आत यायला नकार देतो. जागा नसेल तर मिडी बस मागा किंवा थांबा फाटकाबाहेर घ्या. पण बाहेर म्हणजे प्रवाशांची चालण्याची मिनिटे वाढली, वरचा हिशेब पुन्हा करा. झाडांच्या फांद्या आणि केबलच्या वायरी साडेतीन मीटरच्या खाली लोंबत नाहीत ना, तेही बघा. स्थानकाचे आवार रेल्वेचे आहे, तिथे थांबा करायला रेल्वेची लेखी संमती लागते. आधी स्थानक अधीक्षकाला भेटा. निर्णय वरून, विभागाकडून होतो.

वसाहतीत आतले रस्ते गोवा औद्योगिक विकास महामंडळाचे. तिथे अडचण कंटेनरची. सकाळी आठला माल घेऊन आलेले ट्रेलर वळणावरच उभे असतात. बस आत फिरवून प्रत्येक फाटकावर नेण्याचा आग्रह धरू नका. प्रत्येक जास्तीच्या फाटकाला दोन मिनिटे जातात आणि शेवटच्या कारखान्याचा लेट मार्क ठरलेला. वसाहतीत दोन थांबे पुरे, सहा-सात मिनिटे चालता येतील असे. पावसात ती सात मिनिटे जड जातात, म्हणून निवाऱ्याची मागणी वेगळ्या पत्राने पंचायतीकडे आणि औद्योगिक महामंडळाकडे करा. बसच्या प्रस्तावात निवारा, दिवे, पदपथ असे सगळे कोंबले की उत्तर येते: ‘निधी उपलब्ध झाल्यावर.’

टॅक्सी आणि पायलटवाल्यांशी आधीच बोला. फेरी सुरू होण्याच्या सकाळी त्यांना कळले तर वाद होतो, आणि गोव्यात असा वाद आमदाराच्या घरापर्यंत जायला वेळ लागत नाही. स्थानकावरची तुमची मोजणी त्यांना दाखवा. लोकलचा पासवाला रोज टॅक्सी करत नाही, त्यांचे गिऱ्हाईक एक्स्प्रेसचे. पायलटचा थोडा धंदा जाईल हे मात्र खरे, ते नाकारू नका.

पैशाचा हिशेब: रिकामी फेरी कुठे जाते?

महामंडळाकडून प्रति किलोमीटर खर्चाचा आकडा मागून घ्या; मिळाला नाही तर माहिती अधिकारात दहा रुपयांचे शुल्क भरून मागा, तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. त्याच अर्जात त्या रस्त्यावरच्या सकाळच्या फेऱ्यांच्या वेळा आणि भारमान विचारा. इथे समजण्यापुरते किलोमीटरला साठ रुपये धरू, भाडे वीस रुपये.

स्वतंत्र बस मागितली तर: आगार ते करमळी १४ किलोमीटर रिकामे, करमळी ते कुंडई ११ भरलेले, कुंडईहून आगारात परत २५ रिकामे. एकूण ५०. संध्याकाळी तेवढेच. दिवसाचे १०० किलोमीटर, खर्च ६,००० रुपये. बत्तीस प्रवासी दोन वेळा, उत्पन्न १,२८० रुपये. हा कागद कोणीही मंजूर करणार नाही आणि करूही नये.

आता जोडून मागा. सकाळी पणजीहून फोंड्याला जाणारी एखादी फेरी पणजीऐवजी करमळी स्थानकावरून सोडा. ती कुंडईला कामगार उतरवून पुढे फोंड्याला जाईल, तिथून तिची नेहमीची परतीची फेरी सुरू. संध्याकाळी याच्या उलट. जास्तीचे किलोमीटर दर वेळी पाच धरले तर दिवसाला दहा, खर्च ६०० रुपये. बत्तिसांतले दहा जण आजही कदंबनेच येत असतील, ते उत्पन्न नवे नव्हे. उरलेल्या बावीस जणांचे दोन वेळचे ८८० रुपये नवे. फेरी स्वतःच्या पायावर उभी राहते.

एक खबरदारी. पणजीहून भरून आलेली बस मध्येच स्थानकात वळवू नका. पन्नास प्रवासी आतले दहा मिनिटे फुकट घालवतात, तक्रारी करतात, आणि महिन्याभरात वळण बंद होते. फेरी स्थानकातच जन्मली पाहिजे. पणजीची एक फेरी त्यामुळे कमी होते, तेव्हा ज्या वेळेला पणजीहून फोंड्याला दर पाच-दहा मिनिटांनी बस आहे त्याच वेळेतली निवडा.

उत्पन्न तरीही तोकडे असेल तर कारखान्यांकडून किमान हमी घ्या: तीन कारखान्यांनी मिळून महिन्याला अमुक इतके पास विकत घ्यायचे, ते कामगारांना पूर्ण किंवा सवलतीत द्यायचे. वाटणी कामगारसंख्येवर करा, नफ्यावर किंवा मोठेपणावर नको. पत्रव्यवहार एकाच कंपनीने करायचा. कारखान्याला पटवताना कल्याणाची भाषा कमी वापरा. पावसाळ्यातल्या गैरहजेऱ्या, लेट मार्क, दुचाकींचे अपघात आणि भरलेला वाहनतळ या गोष्टी त्यांच्याच नोंदींतून दाखवा.

प्रस्तावाचा कागद

दोन पाने, त्याहून मोठा नको. जोडपत्रे कितीही चालतील. पहिल्या परिच्छेदातच मागणी यावी, या धर्तीवर:

‘करमळी रेल्वे स्थानक ते कुंडई औद्योगिक वसाहत, मार्गे खोर्ली, बाणस्तारी, भोम, अशी कामाच्या दिवशी सकाळी एक व परतीची संध्याकाळी एक फेरी तीन महिने प्रायोगिक तत्त्वावर सुरू करावी. सकाळी गाडीच्या आगमनानंतर, उशिरात उशिरा ८.०५ वाजता स्थानकावरून. संध्याकाळी ५.२७ वाजता वसाहतीतून. अंतर ११ किलोमीटर, थांबे सहा. अपेक्षित प्रवासी प्रत्येक फेरीस ३२. सध्याच्या पणजी–फोंडा फेरीस जोडल्यास दिवसाचे जास्तीचे अंतर १० किलोमीटर.’

त्याखाली दोन वेळापत्रके, थांब्यांची यादी अंतरासह, उत्पन्न-खर्चाचा तक्ता. जोडपत्रात मोजणीच्या मूळ चिठ्ठ्यांचा गोषवारा, वीस दिवसांची गाडीची नोंद, कारखान्यांची पत्रे, आवाराचे मापासह रेखाटन, पंचायतींचे ठराव मिळाले तर तेही. कामगारांची नावे आणि फोन क्रमांक जोडू नका, आकडे पुरतात.

पत्र महामंडळाच्या व्यवस्थापकीय संचालकांना. प्रती वाहतूक संचालनालय, औद्योगिक विकास महामंडळ, रेल्वे आणि संबंधित आगाराच्या व्यवस्थापकाला. आगाराची प्रत स्वतः नेऊन द्या आणि वेळ मागून बसा. फेरी शेवटी तिथेच बसवायची असते, आणि कोणत्या गाडीला किती सवड आहे हे तिथल्या माणसाला तोंडपाठ असते. प्रत्येक प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. आमदारांना प्रत जरूर द्या, पण आगाराशी बोलून झाल्यावर. आधी दिली तर सगळे जण वरून आदेश येण्याची वाट बघत बसतात.

खासगी बसमालकामार्फत करायचे असेल तर प्रयोगासाठी तात्पुरत्या परवान्याची वाट आहे: कलम ८७, एका वेळी जास्तीत जास्त चार महिने. अर्ज मालकाने करायचा, तुमची मोजणी त्याला जोडायची.

पहिले तीन महिने

सुरुवात जानेवारीत करा. पावसाळी वेळापत्रक संपलेले असते, फेस्त आणि नाताळ आटोपलेले असतात, आणि पुढे पाच महिने गाडीची वेळ बदलत नाही. जूनमध्ये सुरू केलेली फेरी पहिल्याच पंधरवड्यात नव्या वेळांत सापडते.

पहिले दहा दिवस स्थानकाच्या दारात एक माणूस उभा ठेवा, हातात पाटी: ‘कुंडई आयडीसी बस’ (आयडीसी म्हणजे औद्योगिक वसाहत). बसच्या पुढच्या पाटीवरही हेच शब्द हवेत. नुसते ‘फोंडा’ लिहिले तर निम्मे लोक चढत नाहीत. गाडीतला एक नेहमीचा पासवाला आणि कंडक्टर यांचा फोनवर संपर्क असू द्या: गाडी आधीच्या स्थानकावर अडकली की कंडक्टरला कळायला हवे. थांबायचे किती हे मात्र फोनवर ठरवायचे नाही. ८.०५ म्हणजे ८.०५. एके दिवशी ओळखीचे चार जण धावत येताहेत म्हणून ८.१२ पर्यंत थांबले की बाकीच्या अठ्ठाविसांना लेट मार्क, आणि ते उद्या येत नाहीत.

रोजची नोंद एका ओळीची: वार, गाडी किती वाजता आली, बस किती वाजता सुटली, किती चढले, फाटकावर किती वाजता. महिन्याअखेर ही वही आगारात दाखवा. पहिल्या महिन्यात बत्तिसाऐवजी पंधरा-अठरा आले तर घाबरू नका. लोक आधीचा महिन्याचा ठराव, पायलटचा किंवा सहकाऱ्याच्या पेट्रोलच्या वाटणीचा, लगेच मोडत नाहीत. दुसऱ्या महिन्याच्या पगारानंतरही वीसच्या खाली असेल तर वही उघडून बघा. सकाळी माणसे आहेत आणि संध्याकाळी नाहीत, तर परतीची वेळ चुकली आहे. दोन्हीकडे नाहीत, तर मोजणी चुकली आहे. ठरावीक वारी नाहीत, तर त्या वारी गाडीला उशीर होतो आहे. तिन्ही दुरुस्त्या वेगळ्या आहेत, आणि कोणती करायची ते वहीशिवाय कळत नाही.

तिसऱ्या महिन्याच्या पंधरा तारखेला कायम करण्याचे पत्र द्या. प्रयोगाची मुदत संपल्यावर दिले तर मधल्या दिवसांत फेरी बंद पडते, आणि एकदा मोडलेली सवय पुन्हा लावायला स्थानकाच्या दारात पाटी घेऊन परत उभे राहावे लागते.